सव्वा मूठ आणि एक लुगडं

निंबखेडे, ता. धुळे
२८ जून १९९४

चि. तोतारामास सुंदरअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र घाईत लिहिते आहे. जीवराम कंडक्टरची जळगावची गाडी आता फाट्यावर येईल, तिच्यातच देते. पोस्टाच्या नादी लागलं तर श्रावण उलटून जाईल.

परवा यशोदाआत्या मरायला टेकली होती. घरघर लागली, तोंडात गंगेचं पाणी घातलं, सुना रडायला बसल्या. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "तोतारामना नवस ऱ्हायी गया." एवढं बोलून तिचं ओझं उतरलं आणि ती उठून बसली. चहा मागितला, भाकरी खाल्ली. आज सकाळी ओट्यावर बसून माझ्या म्हशीला नावं ठेवत होती. ती सुटली, पण नवस आपल्या गळ्यात पडला.

तुझ्याआधी आईचे दोन मुलगे सटवाईने नेले. म्हणून तू झालास तेव्हा तुझं नाक टोचलं, परकर नेसवला, वेणी घातली आणि तुला तोताबाई म्हणायला लागले. सटवाईला एक तरी मुलगा दाखवायला पाहिजे, म्हणून धोतर-टोपी मला घातली. भाऊबंदांतला अभिमनआबा तेव्हा मिसरूड फुटलेला. तो रोज संध्याकाळी आपल्या दारात उभा राहून सटवाईला ऐकू जाईल असं ओरडायचा, "हाऊ पोऱ्या शे! हाई आंडेर शे!" मी पोऱ्या, तू आंडेर, म्हणजे लेक. हे तर गावाला पाठ आहे. माहीत नव्हतं ते पुढचं. श्रावणात आपल्या घरी बसते त्या कानबाईला आई बोलली होती की पोर जगलं तर थोर झाल्यावर लुगडं नेसवून तुझ्यापुढे उभं करीन आणि भाऊबंदांसमक्ष ते उतरवीन, म्हणजे तुला कळेल हा मुलगा आहे. मग आईच गेली. नानांनी तुला चड्डी घालून शाळेत बसवलं आणि देवीला सांगायचं राहिलं. म्हणजे कानबाईच्या लेखी तू अजून बाईच आहेस.

हसू नको. अभिमनआबाने हे ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. कानबाईच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. नाना गेल्यापासून आपल्या घरची मूठ एकच, तुझी. आबा म्हणतो, नवस फिटल्याशिवाय ती मूठ घ्यायची नाही. आणि ज्या घराची मूठ नाही तिथे कानबाई बसायची नाही, ती यंदापासून त्याच्या घरी बसेल.

तोताराम, नवऱ्याचं घर मी दुसऱ्या वर्षीच सोडलं. तेव्हापासून हे शेत, ही म्हैस आणि वर्षातून एकदा कानबाई. त्या दिवशी बठ्ठं गाव माझ्या दारात असतं. ती गेली तर माझ्या घरात कोण येणार? तू ये आणि नवस फेड. मिशीचं काय करायचं ते तू बघ.

तुझी,
सुंदरअक्का

•

जळगाव
२ जुलै १९९४

ती. अक्कास तोतारामचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दोनदा चष्मा पुसला. अक्का, मी एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर आहे. माइकवरून "धुळे गाडी फलाट तीनवर लागली आहे" असं मी म्हटलं की पेंगणारे ड्रायव्हरसुद्धा उठून बसतात. माझ्या मिशीला लोक वचकून असतात. कुणी नाकातलं भोक पाहून विचारलंच, तर लहानपणी देवी आल्या होत्या असं सांगत मी इथवर आलो. आणि आता लुगडं?

तुझी भावजय भिकुबाई हे ऐकून इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि उचकी थांबवायला मलाच पाणी आणावं लागलं.

एक नारळ आणि माझा पासपोर्ट साइज फोटो पाठवला तर चालणार नाही का? देवीला ओळख पटल्याशी काम. अगदीच नसेल चालत तर येईन. पण दार लावून, फक्त तू आणि कानबाई, आणि लगेच शर्ट-पँट. हे सगळं तुझ्यासाठी, नवसासाठी नाही.

तुझा,
तोताराम

•

निंबखेडे
७ जुलै १९९४

चि. तोतारामास आशीर्वाद.

फोटो चालत नाही. आत्याला विचारलं, ती म्हणाली, फोटोला लुगडं कसं नेसवशील?

दारही लावता येणार नाही. दळणाच्या मुठी काढायच्या दिवशी, म्हणजे कानबाईच्या आदल्या शनिवारी, सगळे भाऊबंद जमतात. त्यांच्यासमोर नेसून यायचं आणि त्यांच्यासमोर उतरवायचं. आत चड्डी-बंडी घाल म्हणजे झालं. लुगडं येताना घेऊनच ये, माझं तुला आखूड होईल. आणि नुसतं गुंडाळून येऊ नको, नेसून चालायचा सराव कर. देवीपुढे पाय अडकून पडलास तर आबा जन्मभर सांगत सुटेल.

मला कळतं रे, तुला किती लाज वाटत असेल ते. माझ्यासाठी एवढं सोस.

तुझी,
अक्का

ता. क. तोतारामभाऊ, पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. कोणाला सांगणार नाही. पारोळ्याला फक्त एकाला सांगितलं, तो आपला माणूस आहे. — जीवराम कंडक्टर

•

जळगाव
१८ जुलै १९९४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

जीवरामच्या त्या एका आपल्या माणसामुळे एरंडोलपर्यंतच्या सगळ्या वाहतूक नियंत्रकांनी मला फोन केले. असो.

लुगडं घेतलं. घेवरचंदशेठच्या दुकानात गेलो होतो. गल्ल्यावर त्यांचा मुलगा रुपचंद बसला होता, तो कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो आणि सुट्टीत कापड मोजतो. "काकूंचा रंग कसा आहे?" म्हणाला. मी म्हटलं, माझ्यासारखाच. त्याने हिरवं दाखवलं, मी म्हटलं यात मी काळा दिसेन, आणि झालं, बिंग फुटलं. मला वाटलं आता हसेल. तो उठून उभा राहिला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काका, मी असं माणूस शोधतच होतो."

त्याच्याकडे परदेशातल्या कुठल्याशा लेखाची झेरॉक्स आहे. तिकडे हल्ली असा अभ्यास निघालाय म्हणे की बाई आणि पुरुष असं पक्कं काही नसतंच. आपण रोज चालून-बोलून, नेसून-घालून तसे होत जातो. मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, म्हणजे आमच्या गाडीसारखं? सकाळी धुळ्याची पाटी लावली की धुळ्याची गाडी, दुपारी भुसावळची लावली की भुसावळची, गाडी तीच. तो म्हणाला, "साधारण तसंच." मग मी विचारलं, पाटी काढून डेपोत उभी असते तेव्हा ती कुठली? तर म्हणाला, नेमकं ते पान झेरॉक्समध्ये आलेलं नाही.

सराव चालू आहे. पहिल्या दिवशी भिकुबाईने निऱ्या घालून दिल्या आणि मी मोरीत पडलो. आता माझा मी नेसतो. रविवारी सरावासाठी सकाळीच नेसलो. नेसूनच चहा केला, शेंगा सोलल्या, रेडिओ ऐकला, दुपारी जरा आडवा झालो. सगळं सरावासाठीच. संध्याकाळी भिकुबाई म्हणाली, आता काढा, धुवायचं आहे. मी म्हटलं, मळलं कुठे आहे?

जांभळं घेतलं शेवटी. काठ नारिंगी आहे.

तुझा,
तोताराम

•

निंबखेडे
२३ जुलै १९९४

चि. तोतारामास आशीर्वाद.

वाचून डोळ्यांत पाणी आलं. बहिणीसाठी बिचारा माझा भाऊ रविवारचा आराम सोडून दिवसभर लुगड्यात घुसमटतो! एवढं करू नको रे. आजारी पडशील. मी आबाकडे शब्द टाकला की पोराला फार वेळ उभं करू नका, लगेच उतरवू द्या. तो कबूल झाला.

त्या रुपचंदला म्हणावं, बाई-पुरुष असं काही नसेल तर मग आमच्या गावच्या विहिरीवर पाणी भरायला एकही धोतर का दिसत नाही? बाकी मुलगा चांगला वाटतो. लग्न झालंय का त्याचं?

येताना माझं एक काम कर. एक धोतरजोडी आण, जरा जाड सुताची, काट्याकुट्यात टिकेल अशी. आणि पांढरी टोपी, साडेएकवीस नंबरची. गड्यासाठी पाहिजे.

तुझी,
अक्का

ता. क. भाऊ, अक्काकडे गडीच नाही. मागच्या वर्षी सुपडू होता, तो सुरतेला गेला. टोपी अक्काचीच. आमची गाडी फाट्यावर थांबते तेव्हा अक्का धोतर खोचून औत हाकताना रोज दिसते. नवे पॅसेंजर "ओ आबा, पाणी मिळेल का?" म्हणून विचारतात आणि अक्का "या की" म्हणून पाजते. तुम्हाला माहीत नव्हतं? मग मी काही बोललो नाही. — जीवराम

•

जळगाव
३० जुलै १९९४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

टोपी घेतली. "गड्याला" बरोबर होईल.

अक्का, तू मला सांगितलं नाहीस. रागावलो नाही, कारण मीही तुला सांगितलेलं नाही. आज सांगून टाकतो.

मला ते लुगडं काढायचं नाही.

म्हणजे रोज नेसून स्टँडवर जाईन असं नाही. पण रविवारी आरशात मिशी आणि पदर दोन्ही एकदम पाहिले, आणि त्यांचं आपसात काही भांडण दिसलं नाही. मला माझी वेणी आठवते, अक्का. नानांनी शाळेत घालायच्या दिवशी ती कापली तेव्हा मी फार रडलो. सगळ्यांना वाटलं, पोर शाळेला घाबरतं. परवा नेसलो तेव्हा इतक्या वर्षांनी कुठेतरी घरी आल्यासारखं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण आनंदही होतो, आणि आनंद जास्त होतो.

भिकुबाईला सांगितलं. तिने कपाटातली आपली पातळं मोजली. मग म्हणाली, "माझी पातळं वापरायची नाहीत." तेवढ्यावर मिटलं.

सोमवारी घाईत कपाळावरची टिकली काढायची राहिली. स्टँडवर साहेब म्हणाले, "काय कंट्रोलर, पूजा वाटतं?" मी म्हटलं, हो, श्रावण येतोय. त्या दिवशी माइकवर "बसून घ्या हो, सावकाश" असं काहीतरी गोड तोंडातून गेलं. पॅसेंजर घाबरले. एकाला वाटलं गाडी रद्द झाली.

पण आता कोडं पडलंय. देवीपुढे सगळ्यांच्या साक्षीने उतरवलं तर पुन्हा नेसणं म्हणजे तिला फसवणं. ते माझ्याने होणार नाही. आणि नाही उतरवलं तर मूठ जाते आणि तुझी कानबाई आबाच्या घरी जाते. तुझी कानबाई ठेवू की माझं लुगडं? तू मोठी आहेस. तू सांगशील तसं करीन.

तुझा,
तोताराम

•

निंबखेडे
५ ऑगस्ट १९९४

चि. तोतारामास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. म्हशीलाही वाचून दाखवलं, कारण दुसरं कोणाला दाखवणार?

माझंही ऐक. आई गेल्यावर माझं धोतर काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. नानांना औतामागे हात पाहिजे होता. लग्न ठरलं तेव्हा मला लुगडं नेसवलं आणि मी इतकी रडले की बायका म्हणाल्या, पोरीला माहेराची माया किती! माया कसली, मला चालताच येत नव्हतं. सासरी दोन वर्षं काढली. परत आले त्या दिवशी आधी नानांची पेटी उघडली. शेतात मी मला पाहिजे तशी असते. गावात जाताना बाभळीआड लुगडं नेसते. गावाला ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही, कारण माझी जुवारी सगळ्यांपेक्षा बरी येते.

तू उतरव असं मी सांगू शकत नाही. मला कोणी उतरव म्हटलं तर मी त्याला औताच्या रुमण्याने हाणीन. पण कानबाई जाईल या विचाराने अन्न गोड लागत नाही. मला काही सुचत नाही रे. तू ये तर खरा. समोर उभं राहिल्यावर देवीच काहीतरी सुचवेल.

हे पाकीट भाताने चिकटवलंय.

तुझी,
अक्का

ता. क. भात नीट शिजलेला नव्हता. पण मी रडलो, खरं सांगतो. — जीवराम

•

निंबखेडे
१४ ऑगस्ट १९९४, रविवार सकाळ

चि. तोतारामास आशीर्वाद.

अरे, असा पळतात का? आबा "काढ ते लुगडं!" म्हणून ओरडला, तू पदर घट्ट धरलास, माझ्याकडे पाहिलंस, आणि जो सुटलास तो थेट फाट्याकडे. जांभळं लुगडं जुवारीच्या बांधावरून पळताना दिसत होतं. न अडखळता पळालास, हे मात्र सगळ्या बायकांनी नावाजलं. सराव कामाला आला. पण बायकोला इथेच विसरलास. भिकुबाई काल दळायला बसली, आणि ओव्यांत तिचा आवाज छान लागतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक.

आबा गव्हाच्या सुपाशी बसला. म्हणाला, तोतारामने नवस मोडला, देवीच्या लेखी तो बाईच राहिला, या घरात पुरुष नाही, मूठ नाही, उद्या कानबाई माझ्याकडे. मला रडू आलं. मी माजघरात गेले, तर तू आणलेली धोतरजोडी तिथे खाटेवर. काय अंगात आलं कोण जाणे, मी लुगडं सोडलं, धोतर नेसले, टोपी घातली आणि बाहेर आले. बाभळीची आडसुद्धा नाही, भर घरात. सुपात हात घातला आणि सव्वा मूठ गहू काढले.

आबा म्हणाला, "कोनी मूठ शे ही?"

मी म्हटलं, "मन्ही."

"तू ते बाई शे!"

आणि तिथे मला देवीने सुचवलं. मी म्हटलं, आबा, तोतारामचं देवीला सांगायचं राहिलं म्हणून तो बाई. बरोबर? म्हणाला, बरोबर. मग माझं कोणी सांगितलं होतं देवीला? माझंही राहिलंच. आणि या दारात उभं राहून माझ्याकडे बोट दाखवून "हाऊ पोऱ्या शे" म्हणून रोज कोण ओरडत होतं?

आबा सुपातले गहू उगाच निवडायला लागला. तेवढ्यात यशोदाआत्या ओट्यावरून ओरडली, "बरोबर शे! हाऊच वरडे! माले झोपू देत नव्हता!" बायका इतक्या हसल्या की कोणाच्या तरी हातून परात पडली. आबाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. म्हणाला, मुठी मागच्या वर्षीएवढ्याच भरतात ना, मग झालं. आणि माझी मूठ दळणात गेली, तोताराम. माझी, माझ्या हाताने.

आज कानबाई आपल्याच घरी बसते आहे. आता तो नवस कधी फेडू नकोस. फेडलास तर घरची मूठ पुन्हा तुझी होईल आणि माझी जाईल.

एक वाईट झालं. देवीच्या लेखी तू या घरची लेक, आणि लेकीला रोट चालत नाही, तो मूठवाल्यांचाच. तुला किती आवडतो ते मला माहीत आहे. पण लेकीला लुगडं-चोळी मिळते. जीवरामजवळ दिली आहे. हिरवी आहे, काळा दिसलास तरी नेस. उद्या सकाळी विसर्जनाला ये. शाळेची प्रभातफेरी आणि आपली कानबाई एकाच वेळी निघणार, त्या गर्दीत तुझ्याकडे बघायला कोणाला वेळ आहे? आणि बघितलं तर बघू दे.

तुझी अक्काच. भाऊ वगैरे म्हणू नको, तोंडाला सवय झाली आहे.

ता. क. पुडक्यात लपवून एक रोटही होता. तो अक्काने चुकून ठेवला असेल असं समजून मी खाल्ला. तुम्हाला चालत नाही ना, म्हणून. — जीवराम

•

जळगाव
१४ ऑगस्ट १९९४, संध्याकाळ

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. स्टँडवरच वाचलं आणि माइक चालू राहिल्याचं विसरून हसलो. आख्ख्या जळगाव स्टँडने ऐकलं.

काल पळताना वाटलं, सगळं संपलं, तुझी कानबाई मी घालवली. गाडीत चढलो तर एक म्हातारी पोराला म्हणाली, "सरक रे, बाईला बसू दे." मी बसलो. मग तिने वर पाहिलं. मिशी दिसली. मी उठायला लागलो तर हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "बस बाई, पारोळ्यापर्यंत उभी थोडीच राहशील." मग मला शेंगदाणे दिले. तुझी कानबाई गेली असेल म्हणून मी रडत होतो आणि रडत रडत शेंगदाणे खात होतो.

रुपचंदला सगळं सांगितलं. म्हणाला, यावर निबंध लिहितो. मी म्हटलं, लिही, पण जीवरामजवळ देऊ नको.

हिरवं नेसून पाहिलं. काळा दिसतो. पण छान दिसतो.

उद्या सकाळी सहाच्या गाडीने येतो. साहेबांनी विचारलं, झेंडावंदन सोडून कुठे? मी सांगितलं, माहेरी. त्यांना वाटलं भिकुबाईच्या माहेरी, मी काही दुरुस्त केलं नाही. गाडी मीच पुकारणार आहे. काय पुकारायचं ते ठरवून ठेवलंय: "निंबखेडे फाट्याला जाणाऱ्या माहेरवाशिणींनी गाडीत बसून घ्यावं, गाडी सुटत आहे." मग माइक बंद करीन, पदर खोचीन आणि जाऊन बसेन.

तुझा, तुझी, काय ते तू ठरव,
तोता

ता. क. अक्का, काळजी करू नका. बायकांसाठी राखीव आहे त्या सीटवर मी आत्ताच रुमाल टाकून ठेवला आहे. खिडकीची आहे. — जीवराम